घरच्या घरी लाकडी होडी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीनंतर दाभोळ खाडीच्या काठावर आमच्या गावच्या घराच्या पडवीत मी एक साडेपंधरा फुटी लाकडी कनू बनवली, आणि तेव्हापासून पुण्यात काय गावात काय, भेटेल तो माणूस तेच तेच प्रश्न विचारतो. शेवटी सगळं एकदाच लिहून टाकतोय. मी सुतार नाही, इंजिनियर पण नाही, बँकेत नोकरी करतो, त्यामुळे चुका भरपूर केल्यात आणि त्याही इथे येतील.

कनू म्हणजे नक्की काय? कयाक वेगळी का?

कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वरून उघडी, आणि एकाच पात्याच्या वल्ह्यानं चालवायची होडी. कयाक वरून बंद असते, माणूस भोकात बसल्यासारखा बसतो आणि वल्ह्याला दोन्हीकडे पाती. मला डबा, पाण्याची बाटली, बायको आणि कधीतरी भाच्चा एवढं सगळं न्यायचं होतं म्हणून कनू.

सुतारकाम येत नसेल तर जमेल का?

जमेल. जिगसॉनं रेषेवर कापता येतं आणि रंधा मारता येतो एवढं पुरे. मी केली ती पद्धत ‘शिवून चिकटवण्याची’, म्हणजे प्लायवूडच्या पट्ट्या कापायच्या, कडेला बारीक भोकं पाडून तांब्याच्या वायरनं एकमेकींना टाके घालायचे, आणि आतून जोडावर ईपॉक्सीचा (दोन भाग कालवून कडक होणारा गोंद) लगदा भरायचा. तो सुकला की वायर काढून टाकायची. सांगाडा नाही, खिळे नाहीत. ही पद्धत १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये गाजली, १९६३ ला तिथल्या डेली मिरर पेपरनं मिरर नावाची लाल शिडाची छोटी होडी किट म्हणून काढली आणि लोकांनी ती आपापल्या गॅरेजमध्ये बनवली, आजवर सत्तर हजारांच्या आसपास झाल्यात.

आपल्याकडे शिवलेली जहाजं त्याच्याही कितीतरी आधीपासून होती म्हणा. नौदलाचं कौंडिण्य जहाज २०२५ च्या फेब्रुवारीत गोव्यात दिवाडीला पाण्यात उतरलं ते फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवूनच बनवलंय, अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून. फरक एवढाच की त्यात दोरी कायमची असते, आमच्या होडीत टाके कच्चे, शिंप्याच्या धावदोऱ्यासारखे.

फळ्यांची पारंपरिक होडी का नाही केली? कोकणात राहून प्लायवूड?

हा प्रश्न गावातले सुतारकाका रोज संध्याकाळी येऊन विचारायचे. त्यांनी आयुष्यभर मासेमारीच्या होड्या बांधल्यात, पठाण (तळाचं मधलं लांब लाकूड) ठेवायचं, नाळ (पुढच्या टोकाचं उभं लाकूड) उभी करायची, मग फळ्या, मग सांध्यात कापूस ठासून ते बंद करायचे, म्हणजे कलाफत. पहिल्या दिवशी माझी पट्टी उचलून बघितली आणि म्हणाले, "ह्यात खिळा कुठं मारणार तुम्ही?" म्हटलं खिळा नाहीच. त्यावर काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले.

खरं कारण असं की फळ्यांची होडी सतत पाण्यात राहिली पाहिजे, लाकूड फुगून सांधे बंद होतात. माझी होडी वर्षातले अकरा महिने पडवीत कोरडी असणार, तशा होडीच्या फळ्या आकसून सांधे उघडले असते. शिवाय वजन. एका माणसाला उचलून पाण्यापर्यंत नेता आली पाहिजे ही माझी पहिली अट होती.

मग सागाची, फणसाची, उंडीची...?

साग उत्तम लाकूड, मुंबईच्या वाडियांनी सागाची बांधलेली त्रिंकोमाली ही १८१७ ची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये तरंगतेय, त्यामुळे सागाबद्दल वाद नाही. पण तो जड, महाग, आणि त्यात तेल असतं त्यामुळे गोंद नीट धरत नाही, चिकटवण्याच्या आधी थिनरनं पुसून घ्यावा लागतो. मी साग फक्त वरच्या काठाच्या पट्टीला वापरला, तोही आजोबांच्या मोडक्या पलंगाचा. फणस आणि उंडी कोकणात होडीला वापरतात, आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेल्या डोणी पण असायच्या, पण ते काम येणाऱ्या माणसाचं आहे.

प्लायवूड कुठलं घ्यायचं?

इथे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा. शिक्का बघायचा आयएस ७१०, ते मरीन प्लाय. आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं प्लाय) हे किचनच्या कपाटाचं, होडीचं नाही. दोन्हीत गोंदाचा फरक: ७१० च्या तुकड्यानं ७२ तास उकळत्या पाण्यात टिकलं पाहिजे असा नियम आहे, बीडब्ल्यूआरला ८ तास.

मला एका दुकानदारानं ‘मरीनच आहे साहेब, फक्त शिक्का पुसलाय’ असं सांगून स्वस्तात एक शीट दिली होती. शंका आली म्हणून त्याचा दोन इंचाचा तुकडा आणि टिंबर मार्केटमधून आणलेल्या शिक्क्याच्या शीटचा तुकडा असे दोन्ही आईच्या जुन्या कुकरमध्ये झाकण न लावता दिवसभर उकळत ठेवले. दुपारी बघतो तर शिक्का पुसलेल्याची खारी बिस्किटं झालेली, पापुद्रे सुटून वर तरंगतायत, पाणी चहासारखं लाल. दुसरा तुकडा संध्याकाळपर्यंत होता तसा. ती शीट आता कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर आहे, आणि तो कुकर आईनं स्वयंपाकघरात परत घेतला नाही.

कापलेल्या कडेकडे पण बघा. मधल्या थरात फट दिसली, म्हणजे आतला पापुद्रा जोडताना अंतर राहिलंय, तर ती शीट नको, तिथे पाणी साठतं आणि वाकवताना नेमकी तिथेच मोडते.

किती शीट लागल्या?

तीन. तळाला ६ मिमीची एक, बाजूंना ४ मिमीच्या दोन. ६ मिमीची आठ बाय चारची शीट साधारण साडेबारा किलो भरते, ४ मिमीची आठ-साडेआठ. वाया जाणारं वजा करून, ईपॉक्सी, काचकापड (काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड), काठाच्या पट्ट्या, बाक सगळं धरून माझी होडी ३२ किलो झाली.

शीट आठ फुटाची आणि होडी साडेपंधरा फुटाची, मग जोडता कशी?

हा सगळ्यात मजेचा भाग आहे, आणि सगळ्यात भीती पण याचीच वाटते. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना तिरका उतार द्यायचा आणि ते एकमेकांवर बसवून चिकटवायचे. उतार जाडीच्या आठपट, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी, ४ मिमीला ३२.

युक्ती अशी: जोडायचे सगळे तुकडे एकावर एक ठेवायचे पण प्रत्येक वरचा तुकडा त्या मापानं मागे सरकवून, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. मग सगळ्या पायऱ्यांवरून एकदम रंधा मारायचा. प्लायचे थर एक आड एक फिकट-गडद असतात त्यामुळे रंधा मारत गेलात की आडव्या पट्ट्या दिसायला लागतात, साडीच्या काठासारख्या. पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या म्हणजे उतार बरोबर. कुठे पट्टी वाकडी झाली तर तिथे खड्डा किंवा उंचवटा आहे. मोजमाप लागतच नाही, लाकूड स्वतःच सांगतं. रंध्याचं पातं मात्र दर दहा मिनिटांनी धारेवर घ्या, प्लायमधला गोंद धार खातो.

चिकटवताना आधी नुसतं पातळ ईपॉक्सी दोन्ही उतारांवर लावा, लाकूड ते पिऊन घेतं, मग घट्ट केलेलं लावा, आणि क्लॅम्प बेताचा आवळा. मी पहिला जोड इतका पिळला की सगळं ईपॉक्सी बाहेर आलं आणि दुसऱ्या दिवशी उचलल्यावर जोड कट्कन सुटला. जोडाखाली प्लॅस्टिकचा कागद घाला. मी पेपर घातला होता. तो बसला चिकटून, घासून निघेना, शेवटी तसाच ठेवला. आता मागच्या बाकाखाली व्हार्निशमधून राशिभविष्य वाचता येतं, कर्क राशीला प्रवास टाळा असं लिहिलंय. माझी रास कर्कच.

आकार कसा आखायचा?

नेटवर कनूचे नकाशे मिळतात, फुकट पण आणि विकत पण. पहिल्या वेळी स्वतःचं डोकं चालवू नका, एखादा बऱ्याच जणांनी केलेला आराखडा घ्या. त्यात दर फुटाला पट्टीची रुंदी दिलेली असते, ती ठिपक्यांनी मांडायची, ठिपक्यांवर छोटे खिळे आणि त्यांना टेकवून एक लांब लवचिक पट्टी वाकवायची. वायरिंगची केसिंग पट्टी यासाठी झकास, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. एखादा ठिपका पट्टीपासून सूतभर लांब राहिला तर ठिपका चुकलाय असं समजा आणि पट्टीचं ऐका.

ईपॉक्सी की फायबरवाले वापरतात ते रेझिन?

ईपॉक्सी. फायबरच्या दुकानात स्वस्तातलं पॉलिस्टर रेझिन मिळतं, वास येतो तेच, पाण्याच्या टाक्यांना वापरतात. ते लाकडाला नीट धरत नाही, दोन-तीन वर्षांत सालासारखं सुटतं. ईपॉक्सीमध्ये रेझिन आणि हार्डनर हे डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घ्यायचं, वजनानं दिलं असेल तर वजनानंच. ‘थोडं हार्डनर जास्त घातलं तर लवकर सुकेल’ हे पॉलिस्टरचं ज्ञान आहे, ईपॉक्सीत तसं केलं तर ते कायमचं चिकट राहतं. किचनचा डिजिटल काटा वापरा. (हो, तो पण आईचाच. हो, तो पण परत गेला नाही.)

एका वेळी शंभर-दीडशे ग्रॅमच कालवा आणि पसरट ताटलीत ओता. मी मार्चच्या दुपारी आइस्क्रीमच्या खोल डब्यात अर्धा किलो कालवलं आणि फोन आला म्हणून बाजूला ठेवलं. परत येतो तर डब्यातून धूर, डबा वितळून खाली बसलेला. कालवल्यावर त्यात उष्णता तयार होते, खोल भांड्यात ती बाहेर पडत नाही आणि मग ते स्वतःला शिजवतं.

काम कुठल्या महिन्यात करावं?

दिवाळीनंतर सुरू, होळीपर्यंत पूर्ण. पावसाळ्यात ईपॉक्सीच्या नादाला लागू नका, दमट हवेत सुकताना त्यावर मेणचट साय येते आणि पुढचा थर त्यावर धरत नाही. आली तरी घाबरू नका, ती पाण्यात विरघळते, भांड्याच्या हिरव्या घासणीनं साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, मग पॉलिश पेपर. उलटं करू नका, आधी घासलं की साय आणखी आत जाते. एप्रिल-मेमध्ये ईपॉक्सी हातात सुकतं, कापड बसवायला वेळच मिळत नाही.

टाके घालताना काय सांभाळायचं?

पीळ! होडीला पीळ पडला तर ती जन्मभर एका बाजूला ओढते. टाके घातल्यावर होडी अगदी मऊ असते, हातानं ढकललं तरी आकार बदलतो, त्यामुळे पीळ काढायची वेळ तीच, लगदा भरला की संपलं. होडीच्या दोन्ही टोकांजवळ काठांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि एका टोकाला उभं राहून डोळा मिटून बघायचं, दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत.

मी बघितलं, मला समांतर दिसल्या. संध्याकाळी सुतारकाका आले, पट्ट्या बिट्ट्या काही नाही, नुसते नाळेपाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "मागची उजवी बाजू खाली गेलीय हो." मोजलं तर जवळजवळ इंचभर. रात्री अकरापर्यंत टाके सोडत आणि परत घालत बसलो. तरी दोन-तीन सूत राहिलाच असणार, अजून किंचित डावीकडे ओढते, मी त्याला सवय म्हणतो.

आतला लगदा कशाचा?

ईपॉक्सीत लाकडाचा बारीक भुसा. करवतीचा जाडा भुसा नको, पॉलिश मशीनच्या पिशवीतला मैद्यासारखा हवा. शेंगदाण्याच्या चटणीपेक्षा घट्ट, श्रीखंडापेक्षा थोडं सैल इतपत कालवा आणि चमच्याच्या पाठीनं जोडावर गोलाई द्या. तो अर्धवट सुकलेला असतानाच त्यावर काचकापडाची पट्टी बसवली तर नंतरची अर्धी घासाघीस वाचते. बाहेरून पूर्ण तळाला २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) विणलेलं काचकापड. फायबरवाले देतात ती गादीसारखी चटई घेऊ नका, ती पॉलिस्टर रेझिनसाठी असते. कापड नीट भिजलं की दिसेनासं होतं, पांढरे डाग राहिले म्हणजे तिथे हवा आहे.

लाकूड आणि ईपॉक्सी एवढं टिकाऊ असतं का खरंच?

गोव्यात बांधलेली नौदलाची शिडाची होडी म्हादेई आठवा. तिचं अंग देवदारासारख्या हलक्या सीडर लाकडाच्या पट्ट्या, ईपॉक्सी आणि काचकापड यांचंच होतं, आणि तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. माझी खाडीच्या पलीकडे जाऊन भजी खाऊन परत येते, तेवढ्याला नक्की पुरेल. फक्त ईपॉक्सीला ऊन सोसत नाही, पिवळं पडून भुगा होतो, त्यामुळे वरून उन्हापासून वाचवणारं व्हार्निश किंवा रंग लावायलाच लागतो. रंग फिकट घ्या, काळी-निळी होडी आपल्या उन्हात तव्यासारखी तापते.

बुडणार नाही ना?

तरंगायचा हिशोब सोपा आहे. मी ७८, बायको ५८, होडी ३२, सामान १२, एकूण १८० किलो. म्हणजे होडीनं १८० लिटर पाणी बाजूला सारलं की झालं, माझ्या मापाच्या होडीला त्यासाठी चारेक इंच खोल बसावं लागतं. काठ पाण्याच्या वर आठ-नऊ इंच राहतो.

उलटली तर काय हा खरा प्रश्न. दोन्ही टोकांना बंद कप्पे ठेवलेत, त्यामुळे पाणी भरलं तरी होडी खाली जात नाही, धरून राहता येतं. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. भाच्च्याला पोहता येतं, तरीही.

खर्च?

माझे तीसेक हजार गेले, त्यात प्लाय आणि ईपॉक्सी मिळून निम्म्याहून जास्त. क्लॅम्प उसने आणले. हातमोजे, मास्क आणि पॉलिश पेपर यांचा खर्च कुणीच धरत नाही आणि तो बराच होतो. हातमोजे नायट्रिलचे, ईपॉक्सीनं काहींना अंगावर पित्तासारखी खाज येते आणि एकदा सुरू झाली की मग नुसत्या वासानं पण येते. हाताला लागलं तर थिनरनं पुसू नका, साबणपाणी.

वेळ?

चार महिन्यांचे शनिवार-रविवार. त्यातले निम्मे घासण्यात.

वल्हं विकत घेतलं?

नाही, पॅकिंगच्या पाईनवुडच्या पट्ट्या चिकटवून केलं. माप घ्यायची पद्धत: खुर्चीवर ताठ बसा, वल्ह्याची दांडी बैठकीपासून नाकापर्यंत आली की पुरे, त्याच्या खाली पातं. पहिलं वल्हं मी गावातल्या होडीच्या वल्ह्याएवढं लांब केलं होतं, ते आता आईला आंबे काढायला.

परवानगी लागते का?

इंजिन लावलंत की नोंदणी वगैरे आलं, त्या वाटेला मी गेलो नाही. धरणात उतरायचं असेल तर ते पाणी कुणाच्या ताब्यात आहे बघा, जलसंपदा खातं असो की कंपनी, आणि लेखी विचारा. पुण्यात मुठेत घालू का असं एकानं विचारलं, घाला, पण जलपर्णीत होडी तरंगतेय की गवतावर बसलीय ते कळणार नाही.

खाडीत कधी जायचं?

भरती बघून. मोबाइलवर वेळा मिळतात पण आमच्याकडचा जुना हिशोब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. थोडं इकडेतिकडे होतं पण ठोकताळा म्हणून चालतो. चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, उतरत्या पाण्याबरोबर परत. मी एकदा उलटं केलं आणि ओहोटीत गुडघाभर चिखलातून ३२ किलोची होडी ओढत आणली, तेव्हा ती ३२ किलोची वाटली नाही. आणि वर चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठी नदीत मगरी आहेत, तिकडे हात पाण्यात सोडून फोटो काढू नका.

पहिल्यांदा पाण्यात घातली तेव्हा गळली का?

गळली. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, सुतारकाका आणि आणखी दहा-बारा जण बघायला, आणि मी बसल्यावर पाचव्या मिनिटाला पायाखाली थेंब. वायरचं एक भोक बुजवायचं राहिलं होतं, बाहेरून कापडाखाली झाकलं गेलेलं आणि तिथेच बुडबुडा होता. काठावरून कुणीतरी ओरडलं, "खिळा मारा!" मी एम-सीलची गोळी दाबून काम भागवलं, दुसऱ्या दिवशी घासून ईपॉक्सी भरलं.

पावसाळ्यात कुठे ठेवता?

पडवीच्या वाशांना दोन दोऱ्या बांधून टांगून. पहिल्या पावसाळ्यात सुलटी टांगली होती, तर आईनं त्यात सुके नारळ भरायला सुरुवात केली, जागा रिकामी कशाला ठेवायची म्हणून. ऑगस्टमध्ये बघितलं तेव्हा तळाला मधोमध पोक आलं होतं. नारळ काढल्यावर हळूहळू सरळ झालं, पण आता पालथी टांगतो.